महागड्या शहरात नोकरी: जायचं की नाही, हे ठरवायचं कसं?

महागडं शहर परवडेल का, हे पगाराच्या आकड्यावरून कळत नाही. महिनाअखेरीस हातात किती उरतं, संध्याकाळी घरी पोचल्यावर अंगात किती त्राण उरतं आणि दोन-तीन वर्षांनी तुम्हाला असं काय येत असेल जे आत्ताच्या ठिकाणी राहून आलं नसतं, या तीन गोष्टींवर ते ठरतं. मी स्वतः यातून गेले आहे. त्यानंतर नात्यातल्या, ओळखीच्या कितीतरी मुलामुलींबरोबर कागद-पेन घेऊन बसले आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाचा गोंधळ त्याच त्या ठिकाणी होतो. म्हणून हे पायरीपायरीने लिहिते आहे.

क्रम शक्यतो मोडू नका. आधी घर बघायला धावलं आणि हिशोब नंतर मांडला, की एखादं घर आवडून बसतं आणि मग आकडेच त्या घराला जुळवून घेतले जातात. ऑफरला उत्तर कधीपर्यंत द्यायचं हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मुदत फार कमी असेल तर आठवडाभर वाढवून मागण्यात गैर काही नाही, फक्त लेखी मागा.

१. का जायचंय, ते एका वाक्यात लिहा

'करिअरसाठी' हे उत्तर पुरेसं नाही. 'तीन वर्षांत शिक्षणाचं कर्ज फेडायचंय', 'या क्षेत्रातलं मोठं काम फक्त तिथेच चालतं', 'नवरा तिथे आहे', 'इथून बाहेर पडायचंय' अशा भाषेत लिहा. यातलं कुठलंच कारण कमी दर्जाचं नाही. पण प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे. कर्ज फेडायला जाणाऱ्याने शिल्लक रक्कम बघायची, शिकायला जाणाऱ्याने कुणाच्या हाताखाली काम करायला मिळणार ते बघायचं. कारण एक आणि कसोटी भलतीच, असं झालं की चांगला निर्णयसुद्धा वर्षभराने चुकल्यासारखा वाटू लागतो.

दोन कारणं असतील तर त्यातलं पहिलं कोणतं, हेही लिहून ठेवा.

२. पॅकेज बाजूला ठेवा, हातात येणारी रक्कम काढा

ऑफर लेटरवरच्या मोठ्या आकड्यात बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात: निवृत्तिनिधीतला कंपनीचा वाटा, विम्याचा हप्ता, वर्षाच्या शेवटी मिळेल न मिळेल असा बोनस, काही वर्षांनी हाती येणारे शेअर. यातल्या कशानेही दर महिन्याचं भाडं भरता येत नाही. एचआरला सरळ विचारा, 'सगळं कापून दर महिन्याला खात्यात किती जमा होईल?' नमुना पगारपत्रक मागा. बोनस शून्य धरा. मिळाला तर आनंद.

पगार वाढला की कराचा टप्पाही बदलू शकतो, त्यामुळे पॅकेज जितक्या टक्क्यांनी वाढलं तितकी हातातली रक्कम वाढेलच असं नाही. शहर दुसऱ्या देशात असेल तर कराचं आणखी नीट बघावं लागतं. अनेक देशांमध्ये वर्षात १८३ दिवस राहिलं की तुम्ही तिथले करदाते ठरता, पण ती एकमेव कसोटी नसते आणि वर्ष कुठल्या महिन्यापासून मोजायचं हेही देशागणिक बदलतं. अशा वेळी दोन्हीकडचे नियम माहीत असलेल्या कर सल्लागाराला एकदा भेटा. तिथे पैसे वाचवू नका.

३. तुमच्या राहणीचा खर्च तुम्हीच काढा

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की 'तिथे इतके टक्के महाग' असा आकडा मिळतो. तो आकडा कशाचा आहे, हे फार थोडे जण बघतात. नंबिओ या लोकप्रिय संकेतस्थळावरचा राहणीखर्चाचा मुख्य निर्देशांक घरभाडं धरतच नाही. भाड्याचा निर्देशांक वेगळा असतो आणि दोन्ही मिळून तिसरा. न्यूयॉर्क म्हणजे १०० असं धरून ते इतर शहरं मोजतात आणि त्यातली बरीचशी माहिती सामान्य वापरकर्त्यांनीच भरलेली असते. महागड्या शहरात सगळ्यात मोठा फरक भाड्यातच असतो. पहिलाच आकडा बघून कुणी निर्णय घेतला, तर नेमका तोच फरक हिशोबातून गळतो. वर्तमानपत्रांत दरवेळी झळकणारी मर्सर या सल्लागार कंपनीची 'महागड्या शहरांची यादी' तर मुळात कंपन्यांना परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरवता यावेत म्हणून असते. तशा कर्मचाऱ्याची राहणी आणि तुमची राहणी एक नसते.

दुसरं, 'भाडं उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत हवं' हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. त्याचं मूळ अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या कायद्यात आहे. सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या १९६९ च्या दुरुस्तीने अशा घरांतल्या गरीब भाडेकरूंचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखलं आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली. गरिबांवर भाड्याचा बोजा पडू नये म्हणून घातलेली ती मर्यादा आहे. तुमच्या घरखर्चाचं अंदाजपत्रक बघून कुणी ती ठरवलेली नाही. ज्याच्यावर कर्ज नाही, कुणी अवलंबून नाही आणि जो ऑफिसला चालत जातो, त्याला चाळीस टक्केही झेपू शकतात. ज्याला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचेत, त्याला पंचवीससुद्धा जड जातील.

म्हणून असं करा. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास काढा आणि प्रत्येक खर्चासमोर खूण करा: हा खर्च तिथे तेवढाच राहील, वाढेल, की बंद होईल? फोनचं बिल, विमा, कर्जाचा हप्ता फारसे बदलत नाहीत. भाडं, घरकामाची मदत, बाहेरचं जेवण, पाळणाघर, केशकर्तन, म्हणजे ज्या ज्या गोष्टीत जागा किंवा माणसाचं श्रम लागतं, ते सगळं वाढतं. कारण ती सेवा देणाऱ्यालाही त्याच शहरात भाडं भरायचं असतं. आणि काही खर्च आज तुमच्या यादीत नसतीलच: गावी जाण्यायेण्याची तिकिटं, आज घरच्यांच्या मदतीने फुकटात होणारी कामं, नातेवाइकांकडे काढलेल्या सुट्टीऐवजी करावा लागणारा हॉटेलचा खर्च.

भाड्याचा आकडा जाहिरातींतल्या सरासरीवरून घेऊ नका. ऑफिसपासून तुम्हाला झेपेल इतक्या अंतरावरच्या, तुम्ही खरोखर राहाल अशा घरांच्या निदान दहा-पंधरा जाहिराती बघा आणि मधला आकडा धरा. देखभाल शुल्क, पाणी आणि पार्किंग भाड्यात आहे की वेगळं, हे प्रत्येक ठिकाणी विचारा.

४. शिल्लक काढा

आता दोन रकाने आखा. समजण्यासाठी चलन बाजूला ठेवू आणि आज तुमच्या हातात दर महिन्याला १०० येतात असं धरू.

आज: भाडं २०, प्रवास ५, खाणं-किराणा २०, बिलं आणि विमा १०, घरी पाठवायचे १५. एकूण ७०. उरले ३०.

नवीन शहरात हातात १६० येणार आहेत. भाडं ५६, प्रवास ८, खाणं-किराणा ३०, बिलं आणि विमा १४, घरी पाठवायचे १५, गावी जाणं-येणं ८. एकूण १३१. उरले २९.

पगार साठ टक्क्यांनी वाढला आणि शिल्लक एकाने घटली. पण इथेच थांबू नका. तेच घर कुणाबरोबर वाटून घेतलं आणि भाडं ५६ ऐवजी ३० झालं, तर शिल्लक ५५ वर जाते. म्हणजे या माणसासाठी खरा प्रश्न 'जाऊ का' असा नाहीच. 'पहिली दोन वर्षं कुणाबरोबर राहायची माझी तयारी आहे का' असा आहे. तुमच्या कागदावरही असा एखादा आकडा असतो जो हलला की सगळा हिशोब हलतो. तो शोधा. बहुतेक वेळा तो भाड्याचाच असतो, मुलं असतील तर पाळणाघराचा किंवा शाळेचा.

शिल्लक कुठे खर्च होणार, हाही विचार करा. उरलेले पैसे गावाकडचं कर्ज फेडायला किंवा दुसऱ्या स्वस्त ठिकाणी घर घ्यायला जाणार असतील तर फक्त रक्कम बघा. मोठ्या पगारातून उरलेली थोडी टक्केवारीसुद्धा तिकडे मोठी ठरते. पण त्याच महागड्या शहरात घर घ्यायचं स्वप्न असेल, तर तिथल्या घरांच्या किमतीपुढे ही शिल्लक किती वर्षांनी डाउन पेमेंटपर्यंत पोचते ते मोजा. तीच शिल्लक एकाला भरपूर आणि दुसऱ्याला अपुरी असू शकते.

यानंतर एकदाच येणारे खर्च: डिपॉझिट, एजंटची दलाली, सामानाची वाहतूक, नवीन घरातल्या वस्तू, जुनं घर सोडेपर्यंतचं दुहेरी भाडं आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा महिना-दीड महिना. डिपॉझिटचे नियम जागेनुसार फार बदलतात. जर्मनीत कायद्याने ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, आणि जिथे अशी मर्यादा पाळली जात नाही तिथे घरमालक त्याहून कितीतरी जास्त मागू शकतो. डिपॉझिट परत मिळतं, पण तोवर ते अडकून पडतं. समजा हे परत न मिळणारे खर्च १२० झाले आणि नव्या शहरात शिल्लक दरमहा १० ने वाढणार असेल, तर पहिलं अख्खं वर्ष फक्त हा खड्डा भरण्यात जाईल. वर्षाच्या आत परतायची थोडीही शक्यता असेल तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

आपत्कालीन निधीही नव्या शहराच्या खर्चाने मोजायचा. आज सहा महिने पुरेल अशी रक्कम तिथे जेमतेम तीन महिने पुरते. वरच्या उदाहरणात खर्च ७० वरून १३१ झाला आहे.

५. तासांचा हिशोब मांडा

ऑफिसपासून लांब घर घेतलं की भाडं कमी, हे खरं. पण एका बाजूचा प्रवास दीड तास असेल तर दिवसाचे तीन तास, महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ६६ तास. म्हणजे आठ तासांचे आठ दिवस पूर्ण, वर दोन तास. दर महिन्याला. त्या तासांचा पगार कुणी देत नाही. स्वित्झर्लंडमधले अर्थतज्ज्ञ अलोइस श्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी जर्मनीतल्या लोकांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून २००८ मध्ये दाखवलं की ज्यांचा प्रवास लांबचा असतो ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. प्रवासाची भरपाई जास्त पगाराने किंवा स्वस्त घराने पूर्ण होते असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती होताना दिसत नाही. माझं ठाम मत याच बाजूचं आहे: पैसे वाचवायचे असतील तर लांब जाण्याआधी लहान घर घ्या किंवा घर वाटून घ्या. लहान खोलीची सवय होते. रोजच्या तीन तासांची होत नाही, फक्त थकवा नेहमीचा होऊन जातो.

वेळ मोजताना घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा मोजा. नकाशाच्या अॅपमध्ये कामाचा दिवस आणि 'पोचण्याची वेळ' टाकून बघा. रविवारी दुपारी दिसणारा वेळ खरा नसतो. गाडी बदलावी लागत असेल तर प्रत्येक बदलासाठी थोडा वेळ वरून धरा. एक सरळ गाडी असलेलं थोडं लांबचं घर, दोनदा बदलून पोचाव्या लागणाऱ्या जवळच्या घरापेक्षा बरं पडतं.

६. तिथे काय शिकायला मिळणार, ते तपासा

शिल्लक वाढत नसतानाही जाणं योग्य ठरू शकतं, ते या कारणाने. एका धंद्याची माणसं एका जागी जमली की त्या धंद्यातल्या खुब्या जणू हवेतूनच सगळ्यांपर्यंत पोचतात, असं अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच मांडलं होतं. अलीकडे होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांनी स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदी तपासल्या. मोठ्या शहरात काम केलेल्यांची कमाई अनुभवाबरोबर जास्त वेगाने वाढते आणि ते शहर सोडून लहान ठिकाणी गेले तरी त्या अनुभवाचा फायदा बराचसा टिकतो, असं त्यांना २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. महागड्या शहरात कायमचं राहावं लागेल या भीतीने जे अडून बसतात, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण हे आपोआप होत नाही. म्हणून विचारा: मी कुणाच्या हाताखाली असेन? ती टीम त्याच शहरात बसते का? माणसं दुसऱ्या शहरात आणि तुम्ही दिवसभर व्हिडिओ कॉलवर, असं असेल तर महागडं भाडं नेमकं कशासाठी भरायचं, हा रास्त प्रश्न आहे. घरून काम करायची सोय मिळेल का आणि त्यासाठी पगार कमी होईल का, हेही याच वेळी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट बघा: ही नोकरी उद्या गेली तर त्याच शहरात तुमच्या कामाच्या आणखी किती जागा आहेत? एकाच कंपनीच्या भरवशावर महागड्या शहराचा भाडेकरार करणं जोखमीचं. परदेशात व्हिसा त्याच कंपनीशी बांधलेला असेल तर नोकरी सुटल्यावर किती दिवसांची मुदत मिळते, ते आधी वाचून ठेवा.

७. घरच्यांना आकडे दाखवा

जोडीदाराची नोकरी हा इथला सगळ्यात जड मुद्दा. एकाचा पगार वाढला आणि दुसऱ्याचा सहा महिने बंद राहिला, तर वरचा सगळा तक्ता बदलतो. ते सहा महिने धरून तक्ता पुन्हा मांडा आणि दोघांनी मिळून वाचा. मुलं असतील तर शाळाप्रवेशाचं वेळापत्रक बघून तारीख ठरवा. आईवडील थकलेले असतील तर अचानक निघावं लागलं तर किती तासांत पोचू आणि तोवर त्यांच्याजवळ कोण असेल, हे नावानिशी ठरवा. 'बघू तेव्हा' यावर सोडू नका.

८. आठवडाभर राहून बघा

सुट्टीत फिरायला गेल्यावर दिसणारं शहर वेगळं. शक्य असेल तर सोमवार ते शुक्रवार, ज्या भागात घर घ्यायचा विचार आहे तिथेच खोली घेऊन राहा. सकाळी गर्दीच्या वेळी ऑफिसपर्यंत जा, संध्याकाळी गर्दीतच परत या, वाटेत किराणा घ्या, रात्री उशिरा त्या रस्त्याने चालून बघा. पाणी किती वेळ येतं ते शेजाऱ्यांना विचारा. मी बघितलेल्या एका घराची खिडकी फोटोत मोठी आणि उजेडाची दिसत होती. प्रत्यक्षात ती उघडली की हाताच्या अंतरावर पलीकडच्या इमारतीची भिंत होती आणि दिवसासुद्धा दिवा लावावा लागत होता. फोटोतून हे कळायला मार्ग नाही.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे न बघितलेल्या घरासाठी पैसे पाठवणं. भाडं आजूबाजूच्या दरापेक्षा बरंच कमी, मालक 'सध्या बाहेरगावी', 'अजून चारजण रांगेत आहेत, टोकन पाठवा म्हणजे घर अडवून ठेवतो': या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती फसवणूक समजा. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडू शकतो. घर बघितल्याशिवाय, मालकीचा पुरावा बघितल्याशिवाय आणि पावती घेतल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. स्वतः जाणं शक्य नसेल तर विश्वासातल्या माणसाला पाठवा आणि त्याला तिथून व्हिडिओ कॉल करायला सांगा.

९. कंपनीशी बोलणी करा

स्थलांतराचा खर्च, पहिल्या काही आठवड्यांची राहण्याची सोय, रुजू होण्याची तारीख आणि घरून काम करायचे दिवस या चार गोष्टी मागा. पगार वाढवायला नाही म्हणणारी कंपनीसुद्धा या गोष्टींना बरेचदा हो म्हणते. जे ठरेल ते ईमेलवर घ्या. स्थलांतर भत्ता किंवा जॉइनिंग बोनस मिळत असेल तर ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो का आणि त्यावर कर कापला जातो का, ही दोन कलमं नीट वाचा.

१०. कागदपत्रं गोळा करा

चांगलं घर मागणी असलेल्या भागात फार काळ रिकामं राहत नाही. हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये तयार ठेवा:

– ओळखपत्र आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा
– सहीचं ऑफर लेटर
– मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि बँक स्टेटमेंट
– आधीच्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र आणि त्याचा फोन नंबर
– हमीदार लागत असेल तर त्याची हीच कागदपत्रं
– पासपोर्ट आकाराचे फोटो
– जुन्या कंपनीचं अनुभवपत्र (निघतानाच घ्या, मागाहून मिळवताना त्रास होतो)
– मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या

भाडेकरारात चार गोष्टी शोधा: किमान किती महिने राहावंच लागेल, सोडताना किती दिवसांची नोटीस, दरवर्षी भाडं किती वाढणार आणि डिपॉझिटमधून कशाकशाचे पैसे कापले जाऊ शकतात. घर ताब्यात घेताना भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा.

११. परतीचे निकष आधीच लिहा, मग राजीनामा द्या

निर्णय 'हो' असा झाला, तर पहिल्या पायरीतल्या कारणाच्या खाली दोन-तीन निकष लिहा. उदाहरणार्थ: 'वर्षभरानंतर शिल्लक इतक्याच्या खाली असेल तर', 'दोन वर्षांत मोठ्या कामाची जबाबदारी मिळाली नाही तर', 'जोडीदाराला अमुक महिन्यापर्यंत काम मिळालं नाही तर' काय करायचं. हे जाण्याआधीच लिहायचं, कारण तिथे गेल्यावर मन परिस्थितीशी जुळवून घेतं आणि निकष सरकत जातात. परत येणं म्हणजे हार, असं समजणाऱ्या नातेवाइकांना हा कागद दाखवायची गरज नाही. तो तुमच्यासाठी आहे.

राजीनाम्याचा क्रम असा ठेवा: सहीचं ऑफर लेटर हातात, पार्श्वभूमी तपासणी पूर्ण, स्थलांतराच्या अटी ईमेलवर, आणि मगच राजीनामा. जुना आरोग्यविमा कुठल्या तारखेला संपतो आणि नवा कधी सुरू होतो ते बघा. मध्ये फट असेल तर तेवढ्या काळासाठी स्वतःची पॉलिसी घ्या. गावाकडचं घर भाड्याचं असेल तर नव्या घराच्या चाव्या मिळेपर्यंत ते सोडू नका. स्वतःचं असेल तर पहिल्या वर्षात विकायला काढू नका.